न रंगवलेलं धुकं

जपानी चित्रकार हासेगावा तोहाकूच्या 'पाइन वृक्षां'मध्ये धुकं कुठेही रंगवलेलं नाही. सहा-सहा घड्यांचे दोन कागदी पडदे, प्रत्येकी सुमारे १५७ सेंटिमीटर उंच आणि ३५६ सेंटिमीटर रुंद. त्यावर फक्त काळी शाई आणि झाडांचे चारच पुंजके. जमीन नाही, पाणी नाही, क्षितिजाची रेघही नाही. उरलेला जवळजवळ सगळा कागद कोरा आहे. तरी समोर उभं राहिलं की पहाटेचं दाट, ओलं धुकं दिसतं आणि अंगाला गारवा जाणवतो.

जपानी सौंदर्यदृष्टीतल्या 'मा' या कल्पनेबद्दल बोलताना या चित्राचं नाव हमखास निघतं. 'मा'चा अर्थ 'रिकामी जागा' असा सांगतात, आणि तिथेच गफलत होते. हा शब्द ज्या चिन्हानं लिहितात त्यात दरवाजाची दोन दारं आहेत आणि त्यांच्यामध्ये सूर्य. जुन्या रूपात तिथे चंद्र असे. दारंच नसतील तर फट कुठली आणि त्यातून येणारा उजेड कुठला? तोहाकूची झाडं म्हणजे ही दारं.

म्हणून आधी झाडंच जवळून पाहावीत. एखाद्या गडद पुंजक्याजवळ गेलं की झाड नाहीसंच होतं. उरतात ते कुंचल्याचे फटकारे: वेगानं मारलेले, खरखरीत, टोकांना फाटलेले, एकावर एक चढलेले. पाइनच्या सुया एकेक करून रेखलेल्या नाहीत. हात इतका जोरात चालला आहे की या चित्राला नुसतं 'शांत' म्हणणं मला अपुरं वाटतं. पाच-सहा पावलं मागे सरकलं की तेच फटकारे भिजलेल्या फांद्या होतात. त्यांच्या शेजारचं झाड इतक्या पातळ शाईत आहे की ते आहे की नुसता भास, हे नक्की सांगता येत नाही. काळ्यापासून जवळजवळ कागदाच्या रंगापर्यंत उतरत गेलेल्या या छटांमधूनच अंतर तयार होतं. दोन्ही पडदे शेजारी ठेवले की मधल्या भागात वर एक बर्फाळ डोंगर अगदी पुसट दिसतो. 'नो' या जपानी नाट्यप्रकाराचा आचार्य झेआमी यानं ज्या 'युगेन'ला एवढं मोल दिलं, ते अर्धं झाकलेलं, खोल जाणारं सौंदर्य मला या डोंगरात सापडतं.

अशा पडद्याला जपानीत 'ब्योबु' म्हणतात, म्हणजे वारा अडवणारा. तो सपाट टांगत नाहीत, नागमोडी घडीत जमिनीवर उभा करतात. त्यामुळे एखादं झाड पुढे येतं, दुसरं कोनात मागे दडतं, आणि आपण चार पावलं चाललो की झाडांमधली अंतरं बदलतात. पुस्तकातल्या छापील चित्रात नेमकं हेच हरवतं.

तोहाकूला झगमगाट जमत नव्हता म्हणून तो शाईकडे वळला, असं मुळीच नाही. १५३९ साली नोतो प्रांतातल्या नानाओ गावी जन्मलेल्या या चित्रकारानं क्योतोत येऊन सोन्याच्या वर्खावर मेपलचं भरगच्च झाड रंगवलं. तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी यानं आपल्या मृत मुलासाठी बांधलेल्या मंदिरातलं हे काम. तिथेच चेरीचा बहर रंगवला तो तोहाकूच्या मुलानं, क्यूझोनं. १५९३ मध्ये क्यूझो गेला, वय सव्वीस. 'पाइन वृक्ष' त्या शोकातून आले, असं अनेकांना वाटतं. चित्रावर साल नाही, आणि मला त्या कथेची गरजही भासत नाही. चिनी भिक्षू-चित्रकार मुची याच्या शाईचित्रांचा तोहाकूनं केलेला अभ्यास इथे अधिक दिसतो. मात्र मुचीच्या ओलसर हवेत हे दांडगे फटकारे तोहाकूचे स्वतःचे आहेत.

कागदाचे जोड सरळ जुळत नाहीत, म्हणून हा एखाद्या मोठ्या कामाचा कच्चा आराखडा असावा, असंही काही अभ्यासक मानतात. असेल. त्यावर आणखी एक रेघ चढवायला मात्र जागा नाही.

तोक्योच्या उएनो भागातल्या राष्ट्रीय संग्रहालयात हे चित्र आहे. ते कायम मांडलेलं नसतं. बहुधा नववर्षाच्या सुमारास थोडे दिवस बाहेर काढतात. त्या वेळी तिकडे असाल तर आधी लांबून पाहा, मग काचेपर्यंत जा, आणि पुन्हा मागे या. या परतीच्या पावलांत धुकं दाटून येतं.