सुर्व्यांची आई

आईवडिलांच्या ऋणाची गोष्ट निघाली की आपल्याकडे ‘श्यामची आई’ आठवते. १९३३ साली साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ते पुस्तक आजही घरोघर वाचले जाते, आणि डोळे पुसले जातात. परंतु श्यामच्या घरी दारिद्र्य कितीही आले तरी आपण कोणाचे, हे त्याला ठाऊक असते. ज्याला तेवढेही ठाऊक नाही, त्याने कोणाचे ऋण मानावे?

हा प्रश्न मनात आला की मी नारायण सुर्व्यांची कविता उघडतो. मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले हे तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने घरी आणले. काशीबाईंनी ते पदराखाली घेतले. मिळकत गिरणीतल्या मजुरीची, त्यात आणखी एक तोंड. तरी मुलाला शाळेत घातले, तेही आपले नाव लावून. मी शाळामास्तर, हजेरीपटावर मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लिहिताना आमची लेखणी कधी अडत नाही. पण लिहायला नावच नसेल तर? तिथे ‘गंगाराम’ लिहू देणे हे दोन वेळच्या भाकरीहून लहान दान नव्हे.

‘माझी आई’ या कवितेतील करुण रसाने पुष्कळजण हेलावतात, आणि तिथेच थांबतात. मला तिच्यातली गर्दी मोलाची वाटते. भोंगा झाला की कामगार दिंडीसारखे निघतात, त्या दिंडीत ही आई. दसऱ्याला सजलेल्या खात्यात पोरांना मिरवीत नेणारीही तीच. हे काशीबाईंचे चरित्र नव्हे, हे ध्यानात ठेवावे. कवितेतली आई कामावरून परत आणली जाते ती मरूनच. आणि पोरांना जवळ घेते कोण? तिची जोडीवालीण! ना नात्याची, ना गोत्याची. गंगारामाने रस्त्यावर जे केले तेच ही बाई करते. सुर्व्यांना ‘कामगारकवी’ म्हणून एका खणात ठेवून देणाऱ्यांच्या नजरेतून हा धागा निसटतो.

१९६२ साली निघालेल्या पहिल्या संग्रहाला त्यांनी नाव दिले ‘ऐसा गा मी ब्रह्म’. कुळ विचारणाऱ्या समाजापुढे असे नाव घेऊन उभे राहायला छाती लागते. कोणी याला अहंकार म्हणेल. मी म्हणणार नाही. मात्र त्यांच्या काही कविता भाषणाच्या वळणावर जातात, घोषणा ऐकू येते, हे मला मान्य आहे. ‘माझी आई’त आवाज एकदाही चढत नाही.