व्हाइलच्या कंसातली ओळ

व्हाइल (सीइन >> नाव >> गुण)

सी प्लस प्लस शिकणारी मुलं ही ओळ पहिल्याच महिन्यात पाठ करतात आणि पुढे जातात. माझ्या मते ही त्या भाषेतली सर्वांत देखणी ओळ आहे. तिच्यापाशी जरा रेंगाळायला हवं.

काम साधंच. समोरून अक्षरांचा ओघ, म्हणजे स्ट्रीम, येतोय, कीबोर्डवरून किंवा फाइलमधून; सीइन हे त्या स्ट्रीमचं नाव. त्यातून नाव आणि गुण अशा जोड्या वेचून काढायच्या आहेत. समजा, ओघ असा आहे:

सुमन 72
अनंत 65
मीरा गैरहजर
जयंत 81

(आकडे मुद्दाम असे लिहिले आहेत. ७२ असं लिहिलं, तर स्ट्रीमला तो आकडा वाटतच नाही. पूर्णांक वाचताना तिला 0 ते 9 हीच चिन्हं कळतात. मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.)

आता ओळ सावकाश वाचू. पहिलं >> आधी मोकळ्या जागा ओलांडतं, मग ‘सुमन’ची अक्षरं उचलतं आणि पुढची मोकळी जागा दिसताच थांबतं. ती जागा ते उचलत नाही; जिथल्या तिथे ठेवतं. ‘सीइन >> नाव’ या क्रियेतून शेवटी हाती येते ती पुन्हा तीच स्ट्रीम. म्हणून तिच्यापुढे लगेच दुसरं >> लावता येतं. गुण हा पूर्णांक आहे हे कंपाइलरला ठाऊक असतं, त्यामुळे इथे तो आकडे वाचणारं >> निवडतो. जुन्या सीमधल्या स्कॅनएफला हे वेगळं सांगावं लागे: साचा एकीकडे, व्हेरिएबलांचे पत्ते दुसरीकडे, आणि दोहोंचा मेळ घालायची जबाबदारी लिहिणाऱ्याची. इथे व्हेरिएबलचा प्रकार हाच साचा.

दोन्ही वाचून झाली की कंसात उरते स्ट्रीमच, आणि व्हाइल तिलाच विचारतो: ठीक आहेस ना? ओळीचं सगळं सौंदर्य मला या जागी दिसतं. वाचणं आणि वाचन साधलं का हे तपासणं, या दोन क्रिया इथे एकच झाल्या आहेत. लूपच्या आत शिरलात, तर नाव आणि गुण दोन्ही खरोखर वाचले गेले आहेत याची हमी आहे. नवशिके बऱ्याचदा ‘ओघ संपला नाही तोवर’ अशी अट घालतात, आणि मग शेवटची नोंद दोनदा छापली जाते. कारण शेवट आला हे स्ट्रीमला आधी कळत नाही. वाचायला जावं आणि हाती काही लागू नये, तेव्हाच ते कळतं. आपली ओळ हे सत्य मान्य करून रचलेली आहे.

ही >> खूण आली कुठून? ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवली. वाचण्या-लिहिण्यासाठी फंक्शनऐवजी ऑपरेटर वापरावा ही सूचना डग मॅकिलरॉय यांची. युनिक्सच्या शेलमध्ये ओघ वळवणाऱ्या अशाच खुणा होत्या. आधी बरोबरच्या चिन्हाचा विचार झाला, पण ते उजवीकडून जुळतं, त्यामुळे साखळी उलटी गुंफली जाते. मग < आणि > करून पाहिलं. त्यांचा लहान-मोठेपणाचा अर्थ डोक्यात इतका रुजलेला, की ओळी वाचवेनात. शेवटी दुहेरी बाण आले. पुढे जेरी श्वार्त्झ यांनी ही लायब्ररी नव्याने बांधली आणि १९८९च्या आवृत्तीत ती सर्वांच्या हाती आली.

‘ठीक आहेस ना?’ या प्रश्नाचं उत्तर देण्यातही बारकावा आहे. स्ट्रीमचं सरळ हो-नाहीत रूपांतर होऊ दिलं, तर बाण चुकून उलटे पडले तरी कंपाइलर त्याला बिट सरकवण्याचं गणित समजून गप्प बसेल. म्हणून बरीच वर्षं उत्तरादाखल एक पॉइंटर दिला जाई. त्यातून वेगळीच फट राहिली: ‘डिलीट सीइन’ असं लिहिलं तरी चाले! २०११च्या मानकाने ती बुजवली. आता हे रूपांतर मुख्यतः अटीच्या जागीच आपोआप होतं.

आता मीराकडे येऊ. नाव वाचलं गेलं. गुण वाचायला जावं तर समोर ‘गै’. एकही अंक नाही. स्ट्रीम स्वतःवर अपयशाची खूण करते, २०११पासूनच्या नियमानुसार गुणमध्ये शून्य ठेवते आणि लूप थांबतो. ते शून्य मीराच्या नावावर चढत नाही, कारण आपण लूपच्या आत शिरतच नाही. ‘गैरहजर’ हा शब्द मात्र ओघात शाबूत असतो. खूण पुसून तो साधा शब्द म्हणून वाचता येतो आणि जयंतपासून काम पुढे चालू ठेवता येतं. न समजलेलं गिळून टाकायचं नाही, हा सुसंस्कृतपणा मला फार मोलाचा वाटतो.

दोष एक आहे, आणि तो लहान नाही. सुमनला 72.5 मिळाले असते, तर स्ट्रीमने 72 उचलून समाधान मानलं असतं. उरलेलं ‘.5’ पुढच्या फेरीत नाव ठरलं असतं, आणि अनंतचं नाव गुणांच्या जागी अडलं असतं. चूक एका ओळीत, बोभाटा दुसरीत. शिवाय आडनावासकट नाव लिहिलं की सगळी घडी मोडते. नोंदी जिथे ओळीओळीने येतात, तिथे आधी पूर्ण ओळ उचलावी आणि मग तिच्यावर स्वतंत्र स्ट्रीम बसवून हाच प्रयोग करावा. म्हणजे एका नोंदीची घाण दुसरीत जात नाही.

आणि एक विनंती. हा लूप संपला की लगेच पुढे जाऊ नका. ओघ संपला म्हणून थांबलो की मध्येच अडलो, हे स्ट्रीमला ईओएफ विचारून पाहा. तेवढी एक ओळ लिहिली नाही, तर जयंतचे 81 गुण कुणालाही न कळता यादीतून गळतील.