फायटर, काचेचा वाडगा आणि वेल्ह्याची थंडी

बाजारात ‘फायटर’ या नावाने मिळणारा मासा म्हणजे बेट्टा स्प्लेंडेन्स. थायलंडमधील भातशेतीच्या, दलदलीच्या आणि संथ पाण्याच्या प्रदेशातील हा रहिवासी. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली. निळे, लाल, पांढरे लांब पर असलेला हा मासा दिसतो देखणा, मिळतो स्वस्त आणि जागा घेतो थोडी. त्यामुळे घरातल्या टेबलावर किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत तो सहज येऊन बसतो. बहुधा तो येतो दोन-तीन लिटर पाणी मावेल अशा गोल काचेच्या वाडग्यात.

मासा विकत घेताना त्याच्याबरोबर चार वाक्येही फुकट मिळतात. ‘हा डबक्यातला मासा, याला वाटीभर पाणी पुरते.’ ‘आपला देश उष्ण, हीटर कशाला?’ कोणी थोडे वाचलेले असेल तर तो सांगतो, ‘टाकी मोठी घ्या, म्हणजे तापमान आपोआप स्थिर राहते.’ आणखी वाचलेला म्हणतो, ‘लिटरमागे एक वॅट या हिशेबाने हीटर घ्या.’ या चारही वाक्यांत थोडे थोडे सत्य आहे, आणि म्हणूनच ती तपासून घ्यायला हवीत. तपासायला जागा घेऊ भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका. सह्याद्रीच्या कुशीतील या खोऱ्यांत पावसाळा ओला आणि गार, हिवाळ्याची दुपार उबदार पण पहाट बोचरी, आणि वीज जाणे ही नवलाची गोष्ट नव्हे. उष्ण देशातला मासा आपल्या उष्ण देशात पाळताना काय अडचण येते, ते येथे चांगले कळते.

डबक्याचा युक्तिवाद

फायटरच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्या-घड्यांचा एक श्वसनावयव असतो. पृष्ठभागावर येऊन घेतलेल्या हवेच्या घोटातील प्राणवायू तेथून रक्तात जातो. आपल्याकडचा मरळ मासाही वर येऊन हवा घेतो. बाजारात बादलीभर पाण्यात मरळ तासन् तास जिवंत का राहतो, याचे उत्तर त्यातच आहे. म्हणजे कमी प्राणवायूच्या पाण्यात फायटर जगू शकतो, हे खरे.

पण श्वास हा व्यवहाराचा एक भाग झाला. माशाच्या शरीरात तयार होणारा अमोनिया मुख्यत: कल्ल्यांवाटे पाण्यात जातो, आणि तेथे हवेच्या घोटाचा काही उपयोग नाही. तीन लिटरच्या वाडग्यात अमोनियाची तीव्रता वीस लिटरच्या टाकीपेक्षा जवळजवळ सातपट वेगाने वाढते. दलदलीत हे विष पसरते, विरते, वनस्पती ते शोषतात, जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. वाडग्यात यातले फारसे काहीच घडत नाही.

आणि ‘डबके’ म्हणजे तरी काय? भाताची खाचरे भोर-वेल्ह्याच्या शिक्षकांना काही नवीन नाहीत. खाचरातले पाणी उथळ असते, पण ते बांधाबांधांतून एकमेकांशी जोडलेले आणि दूरवर पसरलेले असते. थायलंडच्या खाचरातला फायटर उथळ पाण्यात राहतो, थोड्या पाण्यात नव्हे. उथळ आणि थोडे या दोन शब्दांतला फरक विसरला गेला, आणि त्याचा वाडगा झाला.

‘आपला देश उष्ण’

मासा आपले शरीर आपण तापवत नाही. पाण्याचे तापमान तेच त्याचे तापमान. अन्न पचवणारी विकरे, रोगाशी लढणाऱ्या पेशी, पोहणारे स्नायू या सर्वांचा वेग त्यावर ठरतो. फायटरला साधारण २५ ते २७ अंश सेल्सियस मानवते. पाणी २० अंशांकडे उतरले की तो तळाशी बसून राहतो, खात नाही, आणि खाल्ले तरी पचत नाही. पुष्कळ लोक याला ‘शांत झाला’ असे म्हणतात.

उष्ण देशांमध्येही फरक असतो. बँकॉकला थंडीच्या महिन्यांतही पहाटेचे सरासरी तापमान २० अंशांच्या वर राहते. पुण्यात जानेवारीच्या पहाटे सरासरी किमान तापमान ११-१२ अंशांच्या आसपास येते. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत रात्री डोंगरउतारावरची थंड, जड हवा खाली साचते. दुपारी मात्र पारा तिशीला टेकतो. खोलीच्या आत हा हेलकावा कमी होतो, पण नाहीसा होत नाही. त्यात उघड्या वाडग्यातून कोरड्या हवेत बाष्पीभवन होत राहते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने वाडग्यातले पाणीही खोलीच्या हवेपेक्षा थोडे थंडच राहते. तेव्हा येथे हीटर हवा. पण तो किती मोठा, आणि एकटा पुरेल का?

मोठी टाकी आणि लहानसे गणित

आता तिसरे वाक्य घेऊ. ते सर्वांत शहाणे वाटते, म्हणून ते आकड्यांनी तपासू.

पाण्यात साठलेली उष्णता आकारमानावर अवलंबून असते, पण ती बाहेर जाते पृष्ठभागातून. ४० सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि पाण्याची खोली २० सेंटिमीटर, अशी वीस लिटरची टाकी घ्या. तळ सोडून तिचा पृष्ठभाग ०.३६ चौरस मीटर भरतो. वारा नसलेल्या खोलीत दर चौरस मीटरमागे, दर अंश फरकाला ढोबळमानाने ८ वॅट उष्णता जाते असे धरले, तर ही टाकी दर अंशाला सुमारे ३ वॅट गमावते. तीन लिटरच्या गोल वाडग्याचा पृष्ठभाग सुमारे ०.०९ चौरस मीटर. तो गमावतो सुमारे पाऊण वॅट.

वीस लिटर पाणी एक अंशाने थंड व्हायला ८४,००० जूल उष्णता जावी लागते. तिला ३ वॅटने भागले की २८,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ आठ तास येतात. पाणी व खोली यांच्या तापमानांतला फरक तेवढ्या वेळात ३७ टक्क्यांवर येतो. वाडग्यासाठी हाच काळ पावणेपाच तास निघतो. म्हणजे पाणी सातपट झाले, पण थंड होण्याचा वेळ दुपटीनेही वाढला नाही!

समजा, रात्री दहाला पाणी २६ अंशांवर आहे, खोली १६ अंशांवर आहे आणि वीज गेली. सकाळी सहाला वाडगा सुमारे १८ अंशांवर असेल आणि टाकी सुमारे २० अंशांवर. दोन्हींतला मासा तळाशीच बसलेला असेल.

आता त्याच टाकीच्या मागच्या आणि दोन्ही आखूड बाजूंना दूरचित्रवाणी संचाच्या पॅकिंगमधला दोन सेंटिमीटर जाड थर्मोकोल लावा आणि वर झाकण ठेवा. त्या तीन बाजूंतून जाणारी उष्णता पाचव्या हिश्श्यावर येते. एकूण गळती दर अंशाला सुमारे १.७ वॅट उरते, आणि आठ तासांचा काळ पावणेचौदा तासांवर जातो. सकाळी सहाला पाणी साडेएकवीस अंशांच्या आसपास मिळते. हाच परिणाम थर्मोकोल न लावता, केवळ टाकी मोठी करून साधायचा, तर त्याच प्रमाणातली टाकी शंभर लिटरहून मोठी घ्यावी लागेल.

तेव्हा मोठ्या टाकीची शिफारस योग्य आहे, पण तिचे दिले जाणारे कारण दुय्यम आहे. जास्त पाणी हवे ते मुख्यत: अमोनिया विरळ करण्यासाठी. ऊब टिकवण्याचे काम झाकण आणि वेष्टन यांनी अधिक स्वस्तात होते.

लिटरमागे एक वॅट?

आता चौथे वाक्य. गळती पृष्ठभागातून होते, तर हीटरचा हिशेब लिटरने कसा होईल? खोलीपेक्षा पाणी १० अंश उबदार ठेवायचे असेल तर वाडग्याला साडेसात वॅट लागतात. नियम देतो तीन. वेष्टन नसलेल्या वीस लिटरच्या टाकीला तीस लागतात. नियम देतो वीस. शंभर लिटरच्या टाकीला मात्र सुमारे ८८ वॅट लागतात आणि नियम जवळजवळ लागू पडतो. ज्या घरांत खोलीच रात्रंदिवस २० अंशांच्या आसपास ठेवलेली असते, तेथे वीस लिटरलाही तो चालून जाईल. वेल्ह्यातल्या कौलारू घरात तो तसाच उचलला, तर थंडीच्या पहाटे कमी पडेल.

याच्या उलट चूक अधिक घातक. बाजारात सहज मिळतो म्हणून ५० वॅटचा हीटर तीन लिटरच्या वाडग्यात टाकला आणि त्याचा तापनियंत्रक अडकला, तर पाणी पहिल्या तासात बारा-चौदा अंशांनी तापते. मासा शिजायला आणखी वेळ लागत नाही. शिवाय पाणी उबदार झाले की माशाची चयापचय क्रिया वाढते, तो अधिक अमोनिया सोडतो आणि त्यातला विषारी, मुक्त स्वरूपातला वाटाही वाढतो. म्हणून अस्वच्छ वाडग्यात हीटर बसवणे ही अर्धी सुधारणा नव्हे, नवे संकट आहे.

वेष्टन लावलेल्या वीस लिटरच्या टाकीला दहा अंशांच्या फरकासाठी १७ वॅट लागतात. तापनियंत्रक असलेला २५ वॅटचा हीटर तेथे पुरतो. हिवाळ्यात तो चालूच राहून अडकला, तरी १६ अंशांच्या खोलीत पाणी तिशीच्या थोडे वर थांबेल. मासा वाचण्याची शक्यता राहते. उन्हाळ्यात मात्र हा दिलासा नाही, म्हणून पाणी आपसूक २५ अंशांच्या वर राहू लागले की हीटरची पिन काढून ठेवावी. टाकीवर विजेचा पिवळा दिवा टांगून ऊब देण्याची जुनी पद्धत टाळावी. तिला नियंत्रण नसते आणि माशाला रात्रीचा अंधार मिळत नाही.

मग मांडणी कशी असावी?

वीस लिटरची, उंचीपेक्षा लांबीने जास्त असलेली टाकी. कारण माशाला वारंवार वर यायचे असते. झाकण हवेच, मासा उडी मारतो म्हणूनही. पण ते हवाबंद नसावे, आणि पाणी व झाकण यांमध्ये चार-पाच सेंटिमीटर हवा असावी. तीन बाजूंना आणि तळाखाली थर्मोकोल, समोरची काच मोकळी. संथ चालणारा स्पंजाचा फिल्टर. जोराचा प्रवाह लांब परांना झेपत नाही. काही पाणवनस्पती. एकच नर. हीटरपासून दूरच्या टोकाला एक तापमापक. हीटरवरचा आकडा ही मागणी असते, मोजमाप नव्हे. हीटर पूर्ण बुडलेला असावा आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी पिन काढलेली असावी. शाळेत हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा.

दर आठवड्याला पाव पाणी बदलावे. नळाच्या किंवा टीसीएल टाकलेल्या विहिरीच्या पाण्यातला क्लोरीन माशाला मारक असतो. ते पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवावे. मात्र बादलीतले पाणी १६ अंशांवर असेल आणि त्यातले पाच लिटर २६ अंशांच्या पंधरा लिटरमध्ये ओतले, तर क्षणात पाणी साडेतेवीस अंशांवर येते. थोडे कढत पाणी मिसळून बादली आधी २६ अंशांवर आणावी. उष्णतेच्या मिश्रणाचे गणित शिकवायला याहून जिवंत उदाहरण मिळणार नाही.

विजेचा खर्च म्हणाल, तर २५ वॅटचा हीटर अखंड चालला तरी दिवसाला ०.६ युनिट, आणि तापनियंत्रकामुळे त्याहून कमी. हा खर्च वाडग्याच्या किमतीत धरलेला नसतो. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत टाकीकडे कोण पाहणार, हेही त्या किमतीत धरलेले नसते. ज्या शाळेकडे याचे उत्तर नाही, तिने मासा आणू नये. ‘सुट्टी लागली, नदीत सोडून दिला’ हे उत्तर तर मुळीच नको. नीरा आणि वेळवंडी या नद्यांना त्यांचे स्वत:चे मासे आहेत. हौशी टाक्यांतला सकर मासा भीमेवरील उजनी जलाशयात कोळ्यांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे, एवढा धडा पुरेसा आहे.

विज्ञानाच्या शिक्षकाच्या टेबलावरचा वाडगा ही नुसती शोभेची वस्तू राहत नाही. वर्गातली मुले तो रोज पाहतात आणि त्यावरून शिकतात. तळाशी गारठून बसलेला मासा ‘शांत’ असतो, श्वास घेता आला की जगता येते, छापील नियम कोठेही लागू पडतो, असे ती शिकतील. किंवा गळती मोजायची, कारण शोधायचे आणि मग खरेदीला जायचे, असे शिकतील. म्हणून मासा आणण्यापूर्वी डिसेंबरमध्ये पंधरा दिवस टाकी आणि वाडगा नुसत्या पाण्याने भरून शेजारी शेजारी ठेवावेत. शाळा उघडताच आणि सुटताना दोन्हींचे तापमान विद्यार्थ्यांनी वहीत लिहावे. पुढच्या पंधरा दिवसांत टाकीला थर्मोकोल लावून तेच करावे. वर ८ वॅटचा जो आकडा धरला आहे, तो आपल्या खोलीसाठी खरा किती आहे, हे त्या वहीतून काढता येईल. मासा विकत घ्यायचा की नाही, हे त्यानंतर मुलांनीच ठरवावे.