अर्धेच वाचलेले पुस्तक

जोनाथन हाइट या अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञाचे ‘द अँक्शस जनरेशन’ हे पुस्तक २०२४ साली प्रसिद्ध झाले. मकरपुऱ्यातल्या आमच्या घरी ते आले तेव्हा मी दोन रात्रींत संपवले आणि तिसऱ्या दिवशी आठवीतल्या मुलीचा फोन कपाटात ठेवून कुलूप लावले. आज वाटते, मी पुस्तक अर्धेच वाचले होते.

हाइट यांचे म्हणणे असे: २०१० ते २०१५ या काळात स्मार्टफोन, पुढचा कॅमेरा आणि ‘लाइक’ यांनी किशोरवय उलटेपालटे केले. झोप तुटली, लक्ष विखुरले, प्रत्यक्ष सोबत आटली, सवयीचे व्यसन झाले. इन्स्टाग्रामवरची रूपाची तुलना मुलींना अधिक जाचते. हे पटते. मात्र दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे ठरत नाही, ही कँडिस ऑजर्स यांनी त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये घेतलेली हरकतही रास्त आहे. आधीच खचलेले मूल फोनकडे अधिक वळत असेल.

खरी गोम उपायांत आहे. चौदाच्या सुमारापर्यंत स्मार्टफोन नको, सोळापर्यंत समाजमाध्यमे नकोत, शाळेत फोन नको. आणि चौथा, मुलांना मोठ्यांच्या पहाऱ्याविना खेळू-भटकू द्या. पहिले तीन आम्हा आईबापांच्या सोयीचे. चौथ्यावरून आमची नजर नुसती घसरते.

फोन गेल्यावर मुलीने विचारले, “बाबा, मग मी सायकलने मांजलपूरला मैत्रिणीकडे जाऊ?”

“नको गं, जीआयडीसीचे ट्रक असतात.”

ट्रक खोटे नव्हते. पण नवरात्रात गरब्याला मध्यरात्रीपर्यंत सोडणारे आम्ही, एरवी तिला सोसायटीच्या फाटकाबाहेर एकटी जाऊ देत नाही.

आणखी एक गोष्ट अमेरिकेत बसून दिसणे कठीण. तिची शाळा इंग्रजी, शेजार गुजराती. बरोबरीच्या मुलींशी ती मराठीत बोलते ते फक्त जळगावच्या मावसबहिणींशी, फोनवरच, आणि तेही रोमन लिपीत. (त्या लिपीचा मला आधी रागच होता.) कुलपात ते मराठीही गेले.

पुस्तक जरूर वाचावे, पण शेवटापर्यंत. कुलूप मी काढले; रात्री दहानंतर फोन बैठकीत राहतो, माझासुद्धा. मांजलपूरचे अजून ठरलेले नाही. मुलीने पुस्तक मागून घेतले आहे आणि चौथ्या उपायाच्या पानात बसचे तिकीट घालून ठेवले आहे.