रेषेच्या अल्याड-पल्याड

इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. पत्त्यांच्या डावातली ही चार चिन्हे एखाद्या वाद्याच्या अंगावर भेटतील अशी आपली अपेक्षा नसते. पण शो-बड या अमेरिकी बनावटीच्या पेडल स्टील गिटारची पडद्यांची पट्टी पाहावी, तर समांतर रेषांच्या त्या शिस्तबद्ध रांगेत ही चिन्हे ऐटीत विराजमान झालेली दिसतात. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल परिसरात शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोन वादकांनी ही वाद्ये घडवायला सुरुवात केली. कंट्री संगीताच्या त्या नगरीत, रात्रीच्या मैफलींच्या झगमगाटात, वादकाच्या नजरेखाली पत्त्यांचा हा मूक डाव मांडलेला असे. प्रथमदर्शनी ही निव्वळ हौस वाटते. पण आपण जरा रेंगाळून पाहिले, तर या नखऱ्यामागे नजर आणि कान यांच्यातला एक विलक्षण रसाळ व्यवहार उलगडू लागतो.

आधी ती रेषाच पाहू. सतारीचा पडदा हा उंचवटा असतो. बोटाने तार त्यावर दाबली की स्वर ठरतो. साध्या गिटारचेही तेच. स्टील गिटारमध्ये मात्र तार कुठेही दाबली जात नाही. पट्टीपासून बरीच वर, अधांतरी ताणलेल्या तारांवरून एक गुळगुळीत पोलादी बार सरकत जातो, आणि तो जिथे टेकतो तिथे स्वर जन्म घेतो. खालची रेषा त्या स्वराला स्पर्शही करत नाही. हवाईतल्या ओआहू बेटावर 1889च्या सुमारास जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने तारांवर लोखंड सरकवण्याचा खेळ आरंभला, त्यातून हे वादन रूढ झाले, असे मानतात. साध्या गिटारच्या तारा उंच उचलल्या, की तिचे पडदे जागच्या जागी राहूनही निरुपयोगी होतात. पुढे 1920च्या दशकात लॉस एंजेलिसच्या हर्मन वाइसनबॉर्नने खास मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार घडवली, तेव्हा तिचे पडदे लाकडाशी समतल झाले. 1930च्या दशकात रिकनबॅकरने बेकलाइटची विजेवर चालणारी गिटार साच्यातून काढली, तेव्हा पडदे त्या साच्यातच उमटले. कालांतराने धातूच्या पातळ पत्र्यावर छापलेली रेघ तेवढी उरली. उंचवटा, मग सपाट रेष, मग नुसता रंग: आपले काम संपले तरी आपले स्थान न सोडणाऱ्या पडद्याचा हा प्रवास किती लोभस आहे! स्वर घडवण्याचा अधिकार त्याने बारला देऊन टाकला, आणि स्वतःकडे ठेवली ती केवळ दिशा दाखवण्याची सेवा.

आता रेषांमधल्या मोकळ्या जागांकडे वळू, कारण खरे लावण्य तिथे आहे. पेडल स्टीलवर तारेची वाजणारी लांबी बहुधा 24 इंचांच्या, म्हणजे सुमारे 610 मिलिमीटरच्या आसपास असते. डावीकडच्या टोकापासून पहिली रेषा साधारण 34 मिलिमीटरवर येते. पुढचे प्रत्येक अंतर आधीच्यापेक्षा एका ठरलेल्या प्रमाणात आखूड होत जाते, आणि बाराव्या रेषेपाशी, तारेच्या नेमक्या मध्यावर, वरचा षड्ज भेटतो. तिथून पुढचे पहिले अंतर 17 मिलिमीटर, म्हणजे आरंभीच्या बरोबर निम्मे. चोविसावी रेषा गाठेपर्यंत दोन रेषांमध्ये जेमतेम 9 मिलिमीटर उरतात. संपूर्ण पट्टीवर एकदा डावीकडून उजवीकडे नजर फिरवली, तर हा क्रमशः दाट होत जाणारा रेषांचा समूह एखाद्या तानेसारखा द्रुत होत गेलेला दिसतो. कुणा चित्रकाराने सौंदर्यबुद्धीने तो आखलेला नाही. नादाच्या गणिताने स्वतःच काढलेले हे चित्र आहे, आणि म्हणूनच त्यात एकही रेषा इकडची तिकडे करता येत नाही.

या चित्रावर बार ठेवला की गंमत सुरू होते. पेडल स्टीलचा प्रचलित बार पाऊण इंचाहून थोडा जाड, सात-अष्टमांश इंच व्यासाचा, म्हणजे 22 मिलिमीटरचा असतो. पहिल्या काही रेषांमधली अंतरे त्याच्याहून ऐसपैस असतात. आठव्या-नवव्या रेषेपाशी अंतर आणि बार जवळपास सारख्याच रुंदीचे होतात. आणि विसाव्या रेषेच्या पलीकडे बार मधोमध ठेवला, तर तो आपली रेषा तर झाकतोच, शेजारच्या दोन्ही रेषाही पोटाखाली घेतो! म्हणजे जिथे अचूकतेची गरज सर्वांत अधिक, जिथे मिलिमीटरभर चूकही कानाला बोचते, नेमके तिथेच डोळ्यांपुढचा आधार दिसेनासा होतो. रेषा तारांच्या समूहाबाहेर दोन्ही अंगांनी थोडी पुढे निघालेली असली, तर तिचे ते डोकावणारे टोकच काय ते वादकाच्या हाती लागते. ठसठशीत, लांब रेषा कुणाला का हव्याशा वाटतात आणि बारीक रेघांची सुबक पट्टी कुणाला अपुरी का वाटते, याचे मर्म या झाकण्या-उघडण्यात आहे.

त्यात नजरेचा कोन आणखी एक लीला करतो. वादक वाद्याच्या एका ठिकाणी बसलेला असतो. सगळ्या रेषांवर एकाच वेळी लंबरूप नजर टाकणे त्याला शक्य नसते. तार आणि पट्टी यांच्यात अंतर असल्यामुळे, डावीकडच्या रेषांकडे तिरपे पाहताना बार रेषेवर आहेसा वाटतो तेव्हा तो प्रत्यक्षात किंचित उजवीकडे असतो आणि स्वर चढा लागतो. उजवीकडच्या टोकाला याच्या उलट, स्वर उतरतो. दोन पट्ट्यांच्या वाद्यात तर एक पट्टी पोटाशी आणि दुसरी पलीकडे. दोघींकडे पाहण्याचा कोन वेगळा. आपण इथे क्षणभर त्या वादकाच्या जागी बसून पाहावे: रेषा खरी आहे, नजरही खोटी नाही, आणि तरीही त्यांच्या संगनमतातून बेसूर निपजू शकतो. म्हणून मुरलेला वादक रेषेकडे पाहतो तो विश्वासाने, पण विसंबून नव्हे.

आता त्या खुणा. तिसरी, पाचवी, सातवी, नववी आणि बारावी या जागा साध्या गिटारवरून वारशाने आल्या आहेत, आणि वारशाबरोबर काही गोड विसंगतीही आल्या आहेत. साध्या गिटारवर ठिपका दोन पडद्यांच्या मधल्या जागेत असतो, कारण बोट तिथेच टेकते. स्टील गिटारवर स्वर रेषेच्या माथ्यावर आहे. तरी कित्येक वाद्यांवर ठिपका जुन्या सवयीने मधल्या जागेतच बसलेला असतो, म्हणजे स्वराच्या अर्धे पाऊल मागे. काही घडवणाऱ्यांनी त्याला उचलून थेट रेषेवर आणले. मग त्याच्या आकाराला महत्त्व आले. वर्तुळाला टोक नसते, ते फक्त ‘इथे कुठेतरी’ एवढेच सुचवते. रेषेवर उभ्या चौकटीची दोन टोके मात्र रेषेच्या दिशेलाच निर्देश करतात, आणि तीच खूण अधिक बोलकी होते. शो-बडच्या पत्त्यांची मौज आणखी निराळी. खुणा चाराहून अधिक असल्याने रंग पुन्हा पुन्हा येणारच. पण एकसारख्या ठिपक्यांची रांग मोजावी लागते, आणि इथे बदामाला बदाम म्हणून, किलवराला किलवर म्हणून ओळखता येते. मोजण्याऐवजी ओळखणे, हे त्या नखऱ्याचे खरे देणे आहे.

वारशाची दुसरी विसंगती अधिक चविष्ट आहे. पेडल स्टीलवर पाय आणि गुडघे वापरून तारांचा ताण क्षणात बदलता येतो, त्यामुळे एकच सुरावट पट्टीवर अनेक घरांत नांदते. नॅशव्हिलच्या प्रचलित ई-नाइन जुळणीत पांढरी पाचमधला, म्हणजे जी या स्वरातला मेजर स्वरमेळ घ्या. तो तिसऱ्या रेषेवर पेडल न दाबता मिळतो, सहाव्या रेषेवर एक पेडल आणि गुडघ्याची एक कळ लावून मिळतो, दहाव्या रेषेवर दोन पेडल दाबून मिळतो, आणि मग पंधराव्या रेषेवर सप्तक पूर्ण करून मूळ रूपात परततो. तीन, सहा, दहा, पंधरा! यातल्या सहाव्या आणि दहाव्या घराला पारंपरिक पट्टीवर खूणच नाही. ज्या ठिकाणी वादकाची पावले रोज वळतात, ती घरे बिननावाची; आणि तरीही त्याचा हात तिथे बिनचूक पोचतो. खुणा कुठे असाव्यात यावर वादकांची मते भिन्न असतात ती यामुळेच: कुणाला परिचित रांग मोडलेली चालत नाही, कुणाला आपल्या रियाजाच्या वाटा पट्टीवर उमटलेल्या हव्या असतात.

हे सारे डोळ्यांचे झाले. कानाची पाळी आली की रेषेचा अधिकार संपतो. पट्टीवरच्या रेषा सप्तकाचे बारा समान भाग करून आखलेल्या असतात, हार्मोनियमच्या पट्ट्यांसारख्या. आणि तंबोऱ्यातून झंकारणारा गंधार हार्मोनियमच्या गंधारापेक्षा किंचित खाली असतो, हे आपल्याकडच्या रसिकांना नव्याने सांगायला नको. हा फरक अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शाएवढा. पाचव्या रेषेपाशी तो पट्टीवर मोजला, तर साडेतीन मिलिमीटरहून थोडा अधिक भरतो, म्हणजे डोळ्यांना सहज दिसेल इतका. एकाच तारेवर असा निखळ गंधार लावायचा, तर बारला रेषेच्या अलीकडे थांबावे लागते. हवाई शैलीच्या वादकाचा तो सुप्रसिद्ध कंप तर रेषेच्या दोन्ही बाजूंना हेलकावतच जगतो.

आणि या वाद्याने भारतात घर केले ते याच अल्याड-पल्याडच्या बळावर. कोलकात्यात हवाईचे टाउ मोए आपल्या कुटुंबासह राहिले आणि त्यांनी या वादनाची गोडी लावली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांची गिटार गायकाच्या गळ्याची नक्कल करू लागली. आणि अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारला थेट रागदारीत आणले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची 1967 सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका घरोघरी पोचली. भैरवातला आंदोलित कोमल ऋषभ कोणत्या रेषेवर म्हणायचा? तो रेषेच्या आसपास राहतो, तिच्याकडे झुकतो, दूर होतो, पुन्हा झुकतो. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपका आधी येतो, पण रेघ त्याला वळसा घालून जाते आणि नक्षी त्या वळशातून फुलते. मींडेचे आणि या खुणांचे नाते नेमके तसेच आहे.

म्हणूनच पट्टीच्या रंगरूपाविषयी वादकांच्या आवडीनिवडी ऐकताना आपण त्यांना किरकोळ समजू नये. ज्याला ठळक रेषा हवी, तो स्वराच्या जवळ नजरेने पोचतो आणि शेवटचे मिलिमीटर कानावर सोडतो; ज्याला अगदी मोजक्या खुणा पुरतात, त्याने ही सोडवणूक कितीतरी आधी केलेली असते; आणि ज्याला इस्पिक-बदामच लागतात, त्याला वाटेवर ओळखीचे चेहरे हवे असतात. नजरेने कुठवर न्यावे आणि कानाने कुठून पुढे घ्यावे, याची प्रत्येकाने आपल्यापुरती ठरवलेली हद्द त्या आवडीतून कळते. पुढच्या वेळी स्टील गिटारची एखादी लांब, ओथंबलेली मींड कानी पडली, तर आपणही ती हद्द शोधून पाहावी. बार खुणेपाशी येऊन ठेपतो तिथे वादकाचे पाठांतर संपते, आणि तिथून स्वरापर्यंतचे जे केसभर अंतर तो स्वतःच्या हिमतीवर कापतो, त्यालाच आपण त्याचा बाज म्हणून ओळखतो.