अरण्यप्रवास आणि प्रसंगरचना

मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या एका खेळाचा विचार वाङ्मयीन नियतकालिकात करावा, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. परंतु ज्या खेळात एक जण कथेचा प्रदेश उभा करतो, इतर चार-पाच जण त्या प्रदेशातील एकेक पात्र होऊन बोलतात, आणि जेथे परिणाम अनिश्चित असेल तेथेच फक्त फाशाला कौल लावला जातो, तो खेळ कथनकलेच्या कक्षेबाहेरचा कसा म्हणता येईल? त्याला संहिता नाही आणि प्रेक्षकही नाहीत. सांगणारे आणि ऐकणारे तेच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने हा प्रकार प्रथम छापला. त्यास आता पन्नास वर्षे होऊन गेली आहेत. आपल्याकडील शहरांतही वरच्या वर्गातील मुले तो आवडीने खेळताना दिसतात. या खेळाच्या एकाच अंगाचा, म्हणजे अरण्यातून जाणाऱ्या मंडळीपुढे जे प्रसंग उभे केले जातात त्यांच्या रचनेचा, येथे विचार करावयाचा आहे.

मूळच्या तीन पुस्तिकांपैकी तिसरीचे नावच ‘द अंडरवर्ल्ड अँड वाइल्डरनेस अ‍ॅडव्हेंचर्स’ असे आहे. रानातील प्रवासासाठी कर्त्यांनी ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या 1972 सालच्या दुसऱ्याच एका खेळाचा षट्कोनी घरांचा नकाशा वापरण्यास सुचविले. प्रत्येक दिवसाच्या वाटचालीत फासा टाकावयाचा, आणि भूमी जशी असेल त्या मानाने वाट चुकण्याचा किंवा कोणी आडवे येण्याचा संभव ठरवावयाचा. मोकळ्या माळापेक्षा दलदलीत हे दोन्ही संभव अधिक. या योजनेत एक मर्मदृष्टी आहे. अरण्य हे केवळ दोन गावांमधले अंतर नसून त्याला स्वतःचा स्वभाव आहे, ही ती दृष्टी होय.

परंतु कोष्टक हे साधन आहे. त्यालाच साध्य मानले की अरण्य मरते. फासा पडतो, पाच लांडगे येतात, तासभर मारामारी चालते, लांडगे मरतात आणि मंडळी पुढे निघते. अशा प्रसंगानंतरची कथा जेथे प्रसंगापूर्वी होती तेथेच असते. कोणाचे मन पालटलेले नसते, कोणाला काही नवे कळलेले नसते. सर्व्या संध्याकाळीतून तेवढा भाग कापून काढला तरी कोठेही टाका उसवत नाही. ज्या प्रसंगाच्या अभावाने काहीच बिघडत नाही, तो स्मरणात तरी का राहावा?

याचा दोष मूळ कर्त्यांकडे मात्र जात नाही. समोर आलेल्या प्राण्याची वृत्ती ठरविण्यासाठी त्यांनी दोन फाशांची बेरीज सांगितली होती : 2 ते 5 प्रतिकूल, 6 ते 8 अनिश्चित, 9 ते 12 अनुकूल. गणित करून पाहिल्यास 36 शक्यतांपैकी 10 प्रतिकूल, 10 अनुकूल आणि 16 अनिश्चित येतात. म्हणजे गाठ पडणे याचा त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ युद्ध हा नसून संदेह हा होता. संदेहातून संभाषण निघते, आणि संभाषणातून पात्र घडते. हा नियम बाजूस सारून जे केवळ तलवार उपसतात, ते खेळातील उत्तमांशच गमावून बसतात.

टोल्किन यांच्या ‘द हॉबिट’ (1937) या कादंबरीचा या खेळावरील ठसा सर्वश्रुत आहे. तीतील राक्षसांचा प्रसंग पाहावा. ते शस्त्रांनी मरत नाहीत. त्यांच्यात भांडण लावून देऊन त्यांना पहाटेपर्यंत गुंतविले जाते आणि उजेड पडताच ते दगड होतात. त्यांच्या गुहेत सापडलेल्या तलवारी पुढे डोंगराच्या पोटातील शत्रू ओळखतात, आणि त्या ओळखीनेच नवे संकट ओढवते. एका प्रसंगाचे ओझे दुसऱ्या प्रसंगात वाहून नेले जाते, म्हणून दोन्ही लक्षात राहतात.

आपल्या वाचकांस याहून जवळचे उदाहरण वनपर्वातील यक्षाचे आहे. हरिणाने पळविलेल्या अरणी, त्या शोधताना लागलेली तहान, तळ्याकाठी एकामागून एक पडलेले चार भाऊ, या सर्व गोष्टी त्या वनातूनच उद्भवतात. प्रश्नोत्तरांचे पांडित्य बाजूला ठेवले तरी प्रसंगाचा कळस निवडीत आहे. एकच भाऊ जिवंत होणार असता युधिष्ठिर भीम वा अर्जुन न मागता माद्रीच्या नकुलाला मागतो. त्या एका शब्दाने धर्मराज आपल्याला जितका कळतो, तितका दहा लढायांनी कळला नसता. शिवाय यक्षाच्या वराने अज्ञातवासाचे तेरावे वर्ष सुकर होते, म्हणजे प्रसंगाचे फळ पुढील पर्वात पोहोचते.

या विवेचनातून तीन कसोट्या निघतात. प्रसंग स्थळातून उगवलेला असावा. त्यात काहीतरी गमावल्यावाचून न करता येणारी निवड असावी. आणि त्याची खूण पुढच्या वाटेवर उरावी.

उदाहरणादाखल एक साधा प्रसंग कल्पू. मंडळी एका खिंडीतून चालली आहे. शिधा तीन दिवसांचा, गाव तीन दिवसांवर. वाटेत एक खेचर मरून पडले आहे. पाठीवरची मिठाची गोणी शाबूत असून तिच्यावर त्याच गावाची मुद्रा आहे. वर गिधाडे घिरट्या घालीत आहेत, पण एकही खाली उतरत नाही. सूत्रधाराने याहून अधिक काही सांगू नये. गिधाडे का उतरत नाहीत, हे एखाद्या खेळाडूने विचारले तर कळावे की वरच्या कड्यावरून कोणीतरी धोंडे मारून त्यांना हाकलीत आहे. तो पाय मोडलेला एक पोर आहे आणि आपल्या खेचराची राखण करीत आहे. त्याला उचलून न्यावे तर वाटचाल मंदावते आणि शिधा अपुरा पडतो. गोणी घेऊन पुढे जावे तर गावात मुद्रा ओळखली जाते. काहीच न पाहता निघून जावे, तर मिठाची वाट पाहणाऱ्या त्या गावात पोराचा बाप विचारणारच. येथे एकही शस्त्र उपसलेले नाही, तरी प्रत्येक पात्राची परीक्षा झाली आहे.

याच्या उलट टोकाचा दोषही सांगितला पाहिजे. काही सूत्रधार प्रसंग इतका आखून आणतात की खेळाडूंनी पोराला उचललेच पाहिजे, अशी त्यांची इच्छा असते. मग निवड नाममात्र उरते आणि मंडळी कठपुतळ्या होतात. कथालेखकाला पात्रांवर जी सत्ता असते ती सूत्रधाराला नाही. त्याने प्रश्न रचावा; उत्तर इतरांचे असू द्यावे.

शेवटी भाषेविषयी. आमची मुले हा खेळ खेळतात तेव्हा “फॉरेस्ट आहे, डेंजरस आहे” एवढ्यावर वर्णन आटोपते. ज्या रानात घळ नाही, ओहोळ नाही, करवंदीची जाळी नाही, डोह आणि पाणवठा यांतील भेद नाही, त्या रानात प्रसंग उगवणार तरी कोठून? बृहन्महाराष्ट्रातील आपल्या घरांत मराठी बहुधा जेवणाखाण्यापुरती उरत चालली आहे. मुले आपण होऊन तासन् तास बोलत बसतात असा हा एक खेळ आहे. तेथे त्यांना शब्द हवे असतात, कारण शब्दांवाचून तेथे काहीच दिसत नाही. शिक्षकांनी आणि पालकांनी या खेळाकडे वेळेचा अपव्यय म्हणून न पाहता त्या मुलांच्या हाती हे शब्द द्यावेत. निबंधाच्या वहीत जे रुजले नाही, ते कदाचित या कल्पित रानात रुजेल.