क्रियापद कोणाचा हात धरतं?

नृत्यातून व्याकरण शिकवणारे व्हिडिओ मी गेले काही महिने बघतोय. साचा जवळपास ठरलेला आहे. नाम म्हटलं की टाळी, सर्वनाम म्हटलं की समोरच्याकडे बोट, विशेषण म्हटलं की गिरकी आणि क्रियापद म्हटलं की उडी. मागे ढोलकीचा ठेका. मुलं खूश, पालक खूश. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलेची सांगड घालून शिकवण्यावर भर दिल्यापासून शाळांनाही असं काहीतरी दाखवायला हवंच असतं.

माझी तक्रार अशी, की यात नाचाला कामच दिलेलं नाही. उडी काढून तिथे शिट्टी ठेवा, काही बिघडणार नाही. ती फक्त व्याख्येला चिकटवलेली चिठ्ठी आहे. त्यात 'उडी' हा शब्दच मुळात नाम! 'ती उडी मारते' या वाक्यात क्रियापद आहे 'मारते'. क्रियापद म्हणजे हालचाल, हे ज्या मुलाच्या अंगात भिनवलं, ते 'पळापळ' आणि 'मारामारी' यांनाही क्रियापदं म्हणणार, आणि 'आकाश निळं आहे' या वाक्यापाशी अडणार. 'आहे'वर कोणती स्टेप करायची?

शरीरातून भाषा शिकवण्याची कल्पना मात्र उथळ नाही. जेम्स आशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' ही पद्धत मांडली. शिक्षक परक्या भाषेत आज्ञा देतात, 'उठ, दाराकडे जा, दार उघड', आणि विद्यार्थी ते करतात. बोलायची घाई नाही. इथे हालचाल हाच वाक्याचा अर्थ असतो, म्हणून ती उपयोगी पडते. पण आज्ञार्थात कर्ता बहुधा गप्प राहतो आणि क्रियापदाला त्याच्याशी फार जुळवून घ्यावं लागत नाही. मराठीत खरी गंमत तर त्या जुळवून घेण्यातच आहे.

हालचालीत व्याकरण राहू शकतं याचा पक्का पुरावा हवा असेल तर भारतीय सांकेतिक भाषा बघावी. तिथे 'देणे'सारख्या क्रियापदांचा हात देणाऱ्याच्या जागेवरून घेणाऱ्याच्या जागेकडे जातो. दिशा उलटली की कोणी कोणाला दिलं हे उलटतं. आपण जे काम 'ने' आणि 'ला' लावून करतो, ते तिथे हाताचा रस्ता करतो. हालचाल बदलली की वाक्य बदलतं, ही कसोटी मला तिथून मिळाली. व्हिडिओतली टाळी-उडी या कसोटीवर टिकत नाही.

मग या कसोटीवर उतरेल असं मराठीत काय आहे? मला वाटतं, प्रयोग. कर्तरी, कर्मणी, भावे हे शब्द ऐकले तरी आठवीचा वर्ग जांभया देतो, पण हे सगळं प्रकरण मुळात कोणी कोणाला ओढायचं याचंच आहे. मी काही मुलांबरोबर ते करून पाहिलं. तीन जणं उभी करायची: कर्ता, कर्म, क्रियापद. क्रियापद ज्याचा हात धरेल, तो जिकडे वळेल तिकडे त्यानेही वळायचं.

'सई आंबा खाते.' आंब्याच्या जागी चिंच आणली तरी क्रियापद ढिम्म. सईच्या जागी ओंकार आला की त्याला वळावंच लागतं: 'खातो'. म्हणजे हात कर्त्याच्या हातात. आता 'सईने आंबा खाल्ला'. सईला 'ने' लागला आणि हात सुटला. आंबा जाऊन चिंच आली की 'खाल्ली', चिंचा आल्या की 'खाल्ल्या'. सई कितीही नाचली तरी क्रियापद तिच्याकडे बघत नाही. 'सईने ओंकारला पकडलं' या वाक्यात दोघांनाही प्रत्यय लागलेले, त्यामुळे क्रियापद मोकळ्या हातांनी मध्येच उभं. 'मुलींनी मुलांना पकडलं' केलं तरी तसंच. भावे प्रयोगाची यापेक्षा स्पष्ट व्याख्या मी कुठे वाचलेली नाही.

सगळ्यात मजा आली ती 'तू चिंच खाल्लीस' या वाक्याला. क्रियापद झालेल्या मुलीने आधी चिंचेचा हात धरला, मग म्हणाली, "पण हा 'स' तर 'तू'चा आहे!" आणि दुसरा हात तिकडे दिला. पुस्तकात याला संकर प्रयोग म्हणतात. तिला ते नाव ठाऊक नव्हतं.

यात काय पणाला लागतं, ते अशा मुलांकडे पाहून कळतं ज्यांच्या घरी मराठी नाही. कन्नडमध्ये क्रियापद भूतकाळातही कर्त्याचा हात सोडत नाही. बांधकामावर आलेल्या कन्नड कुटुंबातली मुलगी 'मुलगा चिंच खाल्ला' म्हणते तेव्हा तिचं डोकं तिच्या भाषेच्या नियमाने अगदी बरोबर चाललेलं असतं. वर्ग हसतो. तिला टाळी आणि उडी शिकवून काय होणार? हात नेमका कुठे सुटतो, हे तिला दिसायला हवं.

याला नृत्य म्हणायचं का, असं कोणी नर्तिका विचारेल, आणि तिचा आक्षेप रास्त असेल. नाट्यशास्त्रात वाचिक अभिनयाच्या विवेचनात नाम, आख्यात, उपसर्ग, संधी, विभक्ती यांची चर्चा येते. करणांचा विचार वेगळ्या अध्यायात आहे. नटाने दोन्ही शिकायचं, पण संधी नाचून दाखवा असं भरत सांगत नाही. व्हिडिओंतल्या गिरक्या व्याकरणाचं जितकं नुकसान करतात तितकंच नृत्याचंही. बिचारी गिरकी विशेषणाची पाटी होऊन बसते. (भरतनाट्यममधल्या कर्तरीमुख हस्ताचा कर्तरी प्रयोगाशी संबंध लावणारंही कोणीतरी निघेल. ती कर्तरी म्हणजे कात्री.)

माझा खेळही सगळीकडे पुरत नाही. 'मी चिंच खाल्ली' यात 'मी'ला 'ने' दिसत नाही, तरी हात सुटलेला असतो. आणि 'सई वही विसरली' हे तर सगळ्यात अवघड. भूतकाळ आहे, कर्म आहे, तरी 'ने' नाही आणि क्रियापद सईचाच हात धरून. 'धडा शिकला'चंही तसंच. का, असं मुलांनी विचारलं. हात कुठे आहे हे हालचाल दाखवते, का आहे हे सांगत नाही. तेव्हा आम्ही खाली बसलो, वह्या काढल्या आणि अशा हट्टी क्रियापदांची यादी करायला घेतली.